रोज एक फोटो, अकरा महिने: उत्तर डेव्हनमधला छोटा कॅमेरा आणि आभाळातला टिपका

काल रात्री फोटो उतरवून घेताना आभाळात पुन्हा टिपका दिसला. या वेळी डाव्या कोपऱ्यात. १८५ पौंड मोजून कॅमेऱ्याचा सेन्सर (आतला फोटो टिपणारा भाग) साफ करून आणला, त्याला अजून चार महिनेही झालेले नाहीत. १८५ पौंड म्हणजे जवळजवळ वीस हजार रुपये. इथे येऊन सहा वर्षं झाली तरी मी मनात रुपये करतेच, आणि इथे ते करायलाच हवेत, कारण कॅमेराच मुळात सेकंडहँड, ४२० पौंडांना घेतलेला. किमतीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त पैसे नुसती धूळ काढायला गेले. राग आलाय, तो लपवत नाही. पण रोज वापरल्यावर सांगण्यासारखं इतरही बरंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅमेऱ्याची माहिती थोडक्यात. २८ एमएमच्या बरोबरीची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, न बदलणारी लेन्स, जास्तीत जास्त एफ २.८ पर्यंत उघडणारी, एपीएस-सी (मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तसा) सेन्सर, डोळ्याला लावायला व्ह्यूफाइंडर नाही, पावसापाण्यापासून संरक्षण नाही. बॅटरी दीड-दोनशे फोटोंना संपते, थंडीत त्याहून आधी. दुसरी बॅटरी घ्यायचीच, त्यावर चर्चा नको.

माझा वापर कसा, ते मात्र सांगायला हवं. मी इंग्लंडच्या नैऋत्येला, उत्तर डेव्हनमध्ये टॉ आणि टॉरिज या दोन नद्यांच्या मधल्या एका खेड्यात राहते. गावकऱ्यांनीच पैसे घालून चालवलेलं गावचं दुकान आहे, तिथे आठवड्यातून चार दिवस काउंटरवर असते. १ जानेवारी २०२४ पासून रोज एक फोटो काढायचा ठरवलं, माणसांचा किंवा माणसांच्या कामाचा. नुसती टेकडी, नुसतं धुकं चालणार नाही. रात्री तो म्हसवडला अण्णांना पाठवायचा. अण्णांनी जन्मभर मेंढरं राखली. मी इकडे आल्यापासून त्यांचा एकच प्रश्न: "तिथली माणसं दिवसभर करत्यात तरी काय?" त्याचं उत्तर म्हणून ही डायरी. आज ३३५ वा दिवस. सुटलेले दिवस चार, त्यातले तीन तापाचे.

या भागात असं काम करणारी मी पहिली नाही, आणि ते माहीत असल्यामुळेच हिंमत झाली. १९७२ मध्ये छायाचित्रकार जेम्स रॅव्हिलियस इथे राहायला आले. इथल्याच बीफर्ड (Beaford) गावच्या कला केंद्राने त्यांना सांगितलं की उत्तर डेव्हनचं रोजचं जगणं टिपून ठेवा, आणि ते काम त्यांनी सतरा वर्षं केलं. सत्तर हजारांहून जास्त निगेटिव्ह. जुन्या, कोटिंग (काचेवरचा चकाकी रोखणारा थर) नसलेल्या लेन्स ते मुद्दाम वापरत, इथला ओलसर उजेड मऊ उतरावा म्हणून. त्यांच्या फोटोंतली माणसं सहसा कॅमेऱ्याकडे पाहात नाहीत. मेंढ्यांसाठी आयव्हीचा भारा वाहून नेणारा शेजारी आहे, तो भाऱ्याखाली वाकलाय आणि चाललाय, एवढंच. असा एक फोटो मला जमावा म्हणून हा सगळा खटाटोप.

आणि त्यासाठी या कॅमेऱ्याची एक गोष्ट सोन्यासारखी आहे: त्याचा आवाज. आवाज म्हणजे आवाज नाहीच. शटर लेन्सच्या आतच असल्यामुळे नुसतं 'टिक' होतं, तेही कान लावला तर. आधी माझ्याकडे मोठा डीएसएलआर होता. तो उचलला की समोरचे आजोबा टोपी सरळ करायचे. हा उचलला तर त्यांना वाटतं मी फोनवर काहीतरी बघतेय. मी चोरून फोटो काढत नाही, हे स्पष्ट करते. आधी विचारते, मग तिथेच पाच-दहा मिनिटं थांबते, आणि माणूस आपल्या कामाला लागला की मग काढते. पुढच्या आठवड्यात प्रिंट नेऊन देते. साधी प्रिंट वीस पेन्सला पडते. त्या वीस पेन्समध्ये मला इथे जेवढे दरवाजे उघडले तेवढे सहा वर्षांच्या हाय-हॅलोत उघडले नव्हते. आता लेनमधून ट्रॅक्टर आला की मी बांधाला चिकटून उभी राहते, आणि वरून हाक येते, "ऑलराइट, मेड?" इकडे मेड म्हणजे पोरी.

फेब्रुवारीत साउथ मोल्टनच्या गुरुवारच्या जनावरांच्या बाजारात गेले होते. रिंगणाच्या कठड्यावर कोपरं टेकलेले वीस-पंचवीस शेतकरी, लिलाव करणारा श्वास न घेता आकडे म्हणतोय, आणि बोली लावणारा माणूस फक्त भुवई हलवतो. ती भुवई पकडायला मी अडीच तास उभी होते. फोकस आधीच दीड मीटरवर बांधून ठेवायची सोय आहे, त्यामुळे बटण दाबलं की दाबलं, लेन्स घुटमळत नाही. तो फोटो अण्णांना इतका आवडला की त्यांनी उलट मला आटपाडीच्या बाजारातला सौदा समजावून सांगितला, टॉवेलाखाली बोटं धरून कसा ठरवतात तो. तिथल्या बाजारात मी लहानपणी कितीदा गेले असेन, पण बोटांचा हिशेब आजवर कधी विचारला नव्हता.

आता टिपक्याची गोष्ट.

जूनमध्ये अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाले, "बाळ, ती घार रोज तिथंच कशी?" मला कळेना. त्यांनी जावईबापूंच्या टॅबवर महिनाभराचे फोटो ओळीने पाहिले होते, आणि प्रत्येक आभाळात उजवीकडे वर त्यांना एक घार दिसत होती. कोकरं राखणाऱ्याची नजर आधी आभाळातच जाते. मी फोटो मोठे करून बघितले. घार नव्हती. कडा विरलेला राखाडी टिपका. सेन्सरवरची धूळ.

त्या रात्री एक वाजेपर्यंत जुने फोटो मागे मागे चाळले. पहिला टिपका २ एप्रिलचा, दुकानासमोर पाव उतरवणाऱ्या गाडीच्या फोटोत. त्याच्या आधीचा आठवडा मी एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये काढला होता. मेंढ्या व्यायचा हंगाम, पायाखाली बार्लीचा पेंढा, आणि हवेत तोच पेंढा भुगा होऊन तरंगत होता. या कॅमेऱ्याची लेन्स सुरू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते. भाता हलतो तशी हवा आत ओढली जाते, आणि हवेबरोबर जे असेल ते.

पण त्या आठवड्यातला एक फोटो असा आहे की त्यासाठी ती धूळ पत्करली असं मी म्हणेन. एका मेंढीचं कोकरू मेलेलं जन्मलं. शेजारच्या कप्प्यात तिळ्यांपैकी एक कोकरू होतं, त्याच्या आईला दूध पुरत नव्हतं. शेतकऱ्याने मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, चार पायांना चार भोकं ठेवली, आणि बाळाला स्वेटर चढवावा तसं ते जिवंत कोकराच्या अंगात घातलं. शेपटी शेपटीवर आली पाहिजे, कारण मेंढी तिथेच हुंगते. मग त्याने ते कोकरू तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभा राहिला. तिने हुंगलं. परत हुंगलं. कोकराने खालून ढुशी दिली, आणि ती थांबली, दूध पिऊ दिलं. वर लाल उष्णतेचा दिवा, आयएसओ ६४०० (म्हणजे अंधारासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता खूप वाढवलेली), रंगांचा पार विचका. ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर फोटो उभा राहिला. अण्णा पाहून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्याकडे वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवायचे, पान्हा सोडावा म्हणून.

टिपक्याकडे परत येते. ज्यांना फक्त स्क्रीनवर फोटो पाहायचे आहेत त्यांनी क्लोन करून (टिपक्यावर शेजारचंच आभाळ चिकटवून) पुढे जावं. मला ते जमलं नाही, कारण तोपर्यंत एक प्रिंट दुसऱ्याच्या घरी गेली होती. दुकानात रोज वर्तमानपत्र न्यायला येणारे ८२ वर्षांचे एक शेतकरी आहेत. त्यांचा फाटकाशी टेकलेला फोटो मी मे महिन्यात काढला होता, मागे दूरवर डार्टमूरची रेघ. मोठी प्रिंट करून दिली, त्यांनी फ्रेम करून चुलीवरच्या फळीवर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बोटाने दाखवत, हा बझर्ड बघा, आमच्या वाडीवरचा आहे. माझ्या कॅमेऱ्यातली घाण एका भल्या माणसाच्या घरात पक्षी म्हणून मानाने बसली होती. मी खरं काय ते सांगितलं आणि स्वच्छ केलेली प्रिंट नेऊन दिली. त्यांनी नवी फळीवर ठेवली, जुनी शेडमध्ये खिळ्याला लावली. परत मात्र दिली नाही.

मग कॅमेरा दुरुस्तीला पाठवला. दुकानाचं नाव लिहीत नाही. सांगितले होते दोन आठवडे, लागले सात. लेन्स न बदलणारी असल्यामुळे सेन्सर साफ करायला सगळा कॅमेरा उघडावा लागतो, हे मला मान्य आहे. पण सात आठवड्यांत चार वेळा फोन मी केला, त्यांनी एकदाही नाही. ऑगस्टमध्ये परत आला. आता पुन्हा टिपका आल्यावर विचारलं तर उत्तर मिळालं: हमी बसवलेल्या भागांवर असते, साफसफाईवर नाही, आणि धूळ हा वापराचा भाग आहे. खेड्यात राहणाऱ्याने रोजच्या वापरासाठी घेतलेली वस्तू धुळीत जाणारच ना! शेवटी "हवं तर पुन्हा पाठवा, त्याच दरात," असं ते म्हणाले तेव्हा मी फोन ठेवला.

एवढं लिहिल्यावर मला माझंच एक मत बदलायला हवं. ते सात आठवडे मी फोनवर डायरी चालवली. ४ जुलैची निवडणूक त्यात आली. मतदान गावच्या हॉलमध्ये होतं, बाहेर कठड्याला बांधलेले तीन कुत्रे आणि आत गेलेले त्यांचे मालक. फोटो बरे आले. पण माणसं फोनसमोर हसतात. सगळेच. लगेच, सवयीने. जुलैच्या फोटोंत मला काम करणारं कोणीच सापडत नाही, नुसते दात. त्यामुळे जूनमध्ये मी या कॅमेऱ्याला पाचपैकी दोन गुण दिले असते, ते आता देणार नाही.

दुसरं मत अ‍ॅपर्चरबद्दल. म्हणजे लेन्समधून उजेड आत घेणाऱ्या भोकाबद्दल; एफचा आकडा जितका मोठा, तितकं ते बारीक. सेन्सरवरची धूळ बारीक अ‍ॅपर्चरला ठळक दिसते. मी एफ ११ वर काढत होते, पुढपासून मागपर्यंत सगळं स्पष्ट हवं या हट्टापायी. १० मेच्या रात्री सगळ्या इंग्लंडभर उत्तरध्रुवीय प्रकाश दिसला, तेव्हा अर्धं गाव पायजम्यावर कोट चढवून क्रिकेटच्या मैदानात उभं होतं. वर गुलाबी आणि हिरवं आभाळ, आणि शेजारच्या बाई नातवंडाला खांद्यावर घेऊन गप्प. कॅमेरा फाटकाच्या खांबावर टेकवून, एफ २.८, तीन सेकंद. त्या फोटोत आभाळच आभाळ आहे आणि टिपका औषधालाही नाही. तेव्हा लक्षातच आलं नाही की अ‍ॅपर्चर उघडं आहे म्हणून तो दिसत नाही. आता दिवसा एफ ४ च्या पुढे जात नाही. २८ एमएमला माणूस दोन मीटरवर असेल तर तेवढ्यात मागचा बांधही पुरेसा स्पष्ट राहतो. नवा टिपकाही एफ ४ ला दिसत नाही. काल दिसला, कारण ऊन पडलं होतं आणि जुन्या सवयीने मी डायल फिरवला.

घ्यावा का? सेकंडहँड घ्या, पण विकणाऱ्याकडून पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वरचा फोटो मागून घ्या, मगच पैसे द्या. मी तो मागितला नव्हता. पँटच्या खिशात ठेवू नका, खिशातल्या कापसासारखी वाईट धूळ नाही. मी झिप असलेल्या प्लास्टिक पिशवीत ठेवते. शेडमध्ये जायच्या आधी बाहेरच सुरू करते आणि बाहेर आल्यावरच बंद करते, म्हणजे आत असताना लेन्स हलत नाही. बॅटरी जास्त जाते, जाऊ दे. दुसऱ्यांदा १८५ पौंड मी देणार नाही, हे नक्की.

आत्ता बॅटरी चार्जिंगला लावलीय. उद्या सकाळी आठला वरच्या शेतावर बोलावलंय. पानं गळली, म्हणून तिथे बांधावरचं कुंपण आडवं घालायचं काम सुरू झालंय: हेझलचं खोड बुंध्याशी जवळजवळ तुटेपर्यंत कापायचं, सालीच्या एका पट्टीवर जिवंत ठेवायचं आणि बांधावर निजवायचं. त्या निजवलेल्या खोडाला इथे स्टीपर म्हणतात. अण्णांनी सांगितलंय, माणसाचा चेहरा नको, कोयता कुठे थांबतो ते दाखव.