उन्हाळी सायकल मोहीम: पॅनिअर बरे की सीटबॅग?

पुण्यात कर्वेनगरला राहणाऱ्या भाच्याने जानेवारीत कच्च्या रस्त्यावरही चालणारी ग्रॅव्हल सायकल घेतली आणि मार्च संपायच्या आत फोन केला. "मामा, ताम्हिणीतून श्रीवर्धनला जायचंय. बॅगा कुठल्या घेऊ?" त्याने पाठवलेल्या फोटोंत सायकली नटूनथटून उभ्या होत्या. हँडलला वळकटी, सीटमागे लांबोडकी पिशवी म्हणजे सीटबॅग, फ्रेमच्या त्रिकोणात गच्च बसलेली तिसरी. दिसायला झकास. पण त्या फोटोंत बर्फाचे डोंगर होते आणि बाटली एकच दिसत होती.

मी त्याला उलट विचारलं, पाणी किती नेणार आणि ठेवणार कुठे? एप्रिल-मेमध्ये बॅगांचा निकाल या एका प्रश्नावर लागतो.

उन्हात चढ चढताना माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. पहाटे साडेचारला चांदणी चौक सोडला तर पिरंगुट, पौड गारव्यात मागे पडतात. मुळशीनंतर दुकानं विरळ होतात. ताम्हिणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धबधबे येतात, पण मे महिन्यात त्या कातळांवर ओघळांचे नुसते काळे डाग उरलेले असतात. घाटात शिरताना माझ्याकडे तीन लिटर असतं, म्हणजे तीन किलो. तंबूपेक्षा हे ओझं जड.

आता हे तीन किलो बसवून पाहा. मागे कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, म्हणजे पॅनिअर, असतील तर त्रिकोण मोकळा राहतो. तिथे दोन बाटल्या, तिसरी पॅनिअरच्या तळाशी. वजन खाली राहतं, सायकल डुलत नाही. तीन पिशव्यांच्या मांडणीत पूर्ण फ्रेमबॅग लावली की बाटल्यांचे पिंजरे बाद होतात, आणि मग पाणी पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या पायांवर बांधायचं किंवा पाठीवर घ्यायचं. पाठीवर घेऊ नका. पौड यायच्या आत पाठ भिजते, आणि पाण्याच्या रबरी पिशवीची नळी नीट धुतली नाही तर दुसऱ्या सहलीला तिच्यात बुरशी दिसते. हे मी एकदा नळीतून चव घेऊन शिकलो.

मग सीटबॅग वाईट का? मुळीच नाही. रस्ता कच्चा असेल, पानशेत-वरसगावच्या मागच्या अंगाने मुरमाच्या वाटा तुडवायच्या असतील, तर मी तीच घेईन. कॅरिअरचे बोल्ट खडखडाटात सैल होतात, पॅनिअर झुडपांना अडकतात. सीटबॅग सायकलच्या मागे अंग चोरून बसते आणि पूर्ण मांडणीचं वजन कॅरिअर-पॅनिअरपेक्षा दीड-दोन किलोंनी कमी भरू शकतं. मात्र तिच्यात साधारण आठ ते सोळा लिटर मावतं, आणि मोठी सीटबॅग ढिली भरली की उभं राहून पेडल मारताना शेपटासारखी हलते. जड वस्तू सीटच्या नळीला टेकवून भरायची, कपडे टोकाला.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या फ्रेम लहान असतात. सीट आणि मागच्या टायरमध्ये पुरेशी जागा नसेल तर खड्ड्यात बॅग टायरला घासते. भाच्याच्या सायकलवर पट्टी लावून मोजलं, ११ सेंटिमीटर भरलं. मोठी सीटबॅग तिथेच बाद. माझी स्वतःची एक बॅग घाट उतरताना तासभर टायरला घासत होती. विळे गावी चहाला थांबलो तेव्हा तळाला भोक, भोकातून बनियन बाहेर, आणि बनियनवर टायरचा काळा पट्टा. चूक माझीच, निघण्याआधी सीटवर बसून दाबून पाहिलं नव्हतं.

पॅनिअरवाल्यांनी तपासायच्या गोष्टी वेगळ्या. फ्रेमला मागे कॅरिअरची भोकं आहेत का? डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाजवळचा ब्रेकचा चिमटा, कॅरिअरच्या पायाच्या आड येतो का? पेडल मारताना टाच पिशवीला लागते का? शेवटचं कळायला सायकल दुकानात नेऊन प्रत्यक्ष बसावंच लागतं. शिवाय दोन्ही मिळून चाळीस लिटरचे पॅनिअर दोन दिवसांसाठी घेऊ नका. मोकळी जागा दिसली की आपले हात शिवशिवतात आणि मग 'असू दे' म्हणत तिसरी पँट आत जाते. बांधायचे पट्टे, बकल, ताडपत्रीचा तुकडा हे सगळं पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतं, सायकलच्या दुकानातून महाग घ्यायचं कारण नाही.

पैशाचं गणित सरळ आहे. साधा कॅरिअर आणि साधे पॅनिअर स्वस्तात जमतात. हँडल, फ्रेम आणि सीटच्या चांगल्या शिवणीच्या तीन बॅगांना त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

मुक्कामाचं सामान निवडताना सगळे रात्रीचा विचार करतात. उन्हाळ्यात खरा मुक्काम दुपारचा. अकरा वाजता सायकल थांबवायची ती चारपर्यंत. एखाद्या देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी, नाहीतर डेरेदार आंबा. म्हणून घडीची चटई आणि पंचा हाताशी, पिशवीच्या बाहेर बांधलेले हवेत. सीटबॅगचा मला खरा कंटाळा इथे येतो. चटई तळाशी असेल तर भर दुपारी सगळा संसार रस्त्यावर मांडावा लागतो. पॅनिअरचं झाकण उघडलं की काम होतं.

रात्रीसाठी तंबू की मच्छरदाणी? एकट्याचा तंबू दीड ते अडीच किलो, दोरीने टांगायची मच्छरदाणी अर्ध्या किलोच्या आसपास. देशावर, भोर-वाई बाजूला, एप्रिलच्या रात्री कोरड्या असतात. गावात पोलीस पाटलांना विचारून देवळाच्या दोन खांबांना मच्छरदाणी बांधली की झोप लागते, वळीव आला तरी डोक्यावर छप्पर आहे. कोकणात मात्र मी तळ शिवलेला तंबू घेतो, निदान त्याची आतली जाळी तरी. कारण विंचू. तिथला लाल विंचू हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून किती जणांना वाचवलं ते त्या भागात सगळ्यांना माहीत आहे, आणि वरंधा घाट उतरलं की आपण त्याच मुलखात जमिनीवर अंथरूण टाकणार असतो. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. नारळाखाली तंबू ठोकू नका, हेही ओघाने.

हॅमॉकबद्दल, म्हणजे दोन झाडांना बांधायच्या झोळीबद्दल, विचारतील म्हणून सांगतो. दुपारी उत्तम, रात्री पाठ दुखते. मी घेत नाही.

स्टोव्ह नको. चहा वाटेत मिळतोच, आणि वाळल्या गवतात एक ठिणगी पडली की वणवा डोंगर खाऊन टाकतो. परतीला रेल्वे धरणार असाल तर गॅसची डबी डब्यात चालतही नाही. त्याऐवजी सातूचं पीठ, गूळ आणि शेंगदाणे न्या. सातू गुळाच्या पाण्यात कालवला की पाच मिनिटांत पोट भरतं. चॉकलेटचं दहा वाजेपर्यंत पाणी होतं. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामातून मीठ जातं. ओआरएसच्या चार पुड्या किंवा मीठ घातलेलं कोकम सोबत हवं.

बाटली गार ठेवायला आमच्याकडे सुती मोज्यात घालून मोजा भिजवतात. मुळशीजवळ नऊ वाजता त्या बाटलीतलं पाणी माठातल्यासारखं लागतं. घाट उतरून निजामपूरला पोहोचलो की तोच मोजा तितकाच ओला असतो आणि आतलं पाणी कोमट. कोकणातल्या दमट हवेत मोज्यातलं पाणी फारसं उडत नाही, मग गारवा येणार कुठून? तिथे थर्मासच्या बाटलीचं वजन सोसावं. कपड्यांचंही तेच. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट देशावर भिजवून घातला तर सुखाचा, कोकणात तो दिवसभर वाळत नाही आणि काखेत कातडी सोलवटते. खाली उतरणार असाल तर पातळ पॉलिएस्टर घ्या.

पंक्चरचं सामान दोन्ही मांडणींत त्रिकोणाजवळ ठेवा. आपल्याकडचे बाभळीचे काटे ट्यूबलेस (ट्यूब नसलेल्या) टायरमध्येही शिरतात, तिथे आतला चिकट द्रव, म्हणजे सीलंट, ते भोक बंद करतो. पण उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, निघण्याआधी टायर हलवून आत डुचमळतंय का ते ऐका. ट्यूबवाल्यांनी दोन ट्यूब न्याव्यात. पॉवर बँक हँडलच्या बॅगेत उन्हात तापत ठेवू नका, कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवा.

भाच्याला मी शेवटी कॅरिअर, दोन लहान पॅनिअर आणि त्रिकोणात दोन बाटल्या सुचवल्या. त्याला ते दूधवाल्याच्या सायकलसारखं वाटलं. मग माणगावचा एसटी स्टँड आठवून सांगितला. परतीला टपावर जागा असलेली गाडी लागते, सायकल चढवायला बॅगा काढायच्या असतात, कंडक्टर "लवकर करा" म्हणून ओरडत असतो. पॅनिअर दोन आकड्यांवर लटकलेला असतो, उचलला की सुटला. सीटबॅगचे पट्टे दोन दिवसांच्या घामाने आणि धुळीने घट्ट बसलेले, आणि तुमच्या मागे रांगेत आंब्याच्या पेट्या घेऊन पाच माणसं उभी.