कॅम्परव्हॅन की घरची गाडी?

लातूरच्या साडूभाऊंचा प्रश्न: डिझेल महागलंय, तर वेरूळ-अजिंठ्याला भाड्याची कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली व्हॅन) न्यावी की घरचीच गाडी काढावी?

आधी इंधन. सगळं फिरणं धरून ८०० किमी समजा. व्हॅन लिटरला १० देते, गाडी २०, असं धरलं तर ८० लिटर विरुद्ध ४०. डिझेल ५ रुपयांनी चढलं की व्हॅनला ४०० जास्त, गाडीला २००. त्यात आपला उन्हाळा! रात्रभर एसीसाठी इंजिन चालू ठेवलं, तर जागच्या जागी डिझेल जळत राहतं.

व्हॅनमध्ये लॉजचे पैसे वाचतात खरे, पण रोजचं भाडं त्यात मिळवून बघा. अजिंठ्याला तर वाहन फर्दापूर तिठ्यावर ठेवून पुढे बसनेच जायचं. म्हाताऱ्या माणसांना वाटेत आडवं व्हायला मात्र व्हॅनच बरी.

चौघं, दोन मुक्काम: घरची गाडी. सहा जण, म्हणजे एरवी दोन गाड्या लागणार, आणि दिवस थंडीचे: व्हॅन. नवरा-बायको दोघंच असाल तर सरळ एसटी, बायकोचं तिकीट अर्धं.

अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून निघा.