मातिल्दा की बियांका मारिया?

मध्ययुगीन इटलीतल्या राजघराण्यांच्या सोयरिकी एकाच बाईच्या आयुष्यातून समजून घ्यायच्या, तर निवड बहुधा या दोघींपाशी येऊन थांबते: अकराव्या शतकातली कानोस्साची मातिल्दा आणि पंधराव्या शतकातली मिलानची बियांका मारिया व्हिस्कोंती.

मातिल्दाचा दरारा मोठा. 1077 मध्ये तिच्या कानोस्साच्या किल्ल्यात जर्मन राजा चौथ्या हेन्रीने पोपची क्षमा मागितली, तो प्रसंग सर्वांना ठाऊकच आहे. तिची दोन्ही लग्नं राजकारणाची होती. पहिलं सावत्र भावाशी. दुसरं 1089 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, बव्हेरियाच्या वेल्फ घराण्यातल्या किशोरवयीन मुलाशी; पुढे सम्राट झालेल्या याच हेन्रीविरुद्ध जर्मनीत जोडीदार हवा म्हणून पोप दुसऱ्या अर्बनने जुळवलेलं. तिची सहीसुद्धा विलक्षण आहे. क्रुसाच्या चार कोनांत ती लिहायची, ‘मातिल्दा, देवाच्या कृपेने, जर काही असेलच तर.’

पण मला एक गोष्ट सतत खटकत राहिली. कानोस्साच्या मठातल्या दोनिझोने तिच्यावर दीर्घ लॅटिन काव्य लिहिलं, आणि त्यात तिच्या लग्नांबद्दल चकार शब्द नाही! ज्यासाठी तिच्याकडे जायचं, नेमकं तिथेच तिचा सर्वांत जवळचा साक्षीदार गप्प. मग प्रागचा बखरकार कोस्मास याने रंगवलेल्या पहिल्या रात्रींच्या चावट गोष्टी हाती लागतात. त्यांच्यावर काय विसंबणार?

बियांका मारियाकडे पत्रं आहेत. मिलानच्या ड्यूकची ही अनौरस पण एकुलती एक मुलगी लहानपणीच चोवीस वर्षांनी मोठ्या, भाडोत्री सैन्याच्या सेनापती फ्रांचेस्को स्फोर्झाला देऊ केलेली. बापाने लग्न लांबवत नेलं. अखेर 1441 च्या ऑक्टोबरात ते लागलं, आणि आंदणात क्रेमोना शहर आलं. 1450 मध्ये स्फोर्झा मिलानचा ड्यूक झाला, त्यात या सोयरिकीचं वजन मोठं होतं.

पुढे तीच वरमाय झाली. मोठ्या मुलासाठी मांतुआच्या गोंझागा या सत्ताधारी घराण्यातली सुझान्ना ठरली होती. तिला कुबड आलं, म्हणून तिची धाकटी बहीण दोरोतेआ पुढे केली. पुढे स्फोर्झांनी तिचीही पाठ वैद्यांकडून तपासायची मागणी केली. मुलीचे कपडे उतरवून तपासणी करायला बापाने साफ नकार दिला. मुलगी दाखवणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. दोरोतेआ 1467 मध्ये वारली. पुढच्याच वर्षी नवरदेवाने फ्रान्सच्या राजाची मेहुणी, साव्होयची बोना केली.

पोप आणि सम्राट यांच्या झगड्यात रस असेल तर मातिल्दाच घ्या, त्याबद्दल माझं दुमत नाही. सोयरिकीच समजून घ्यायच्या असतील, तर मी मात्र बियांका मारियाकडे वळेन, आणि सुरुवात दोरोतेआच्या प्रकरणापासून करेन.