पीएसपीवर 'मुस्तफा' आणि 'केओएफ ९७': यूएमडी घ्यावी की होमब्रू टाकावं?

व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणायचे, तो कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉमनं २००६ साली पीएसपीसाठी, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी, दोन संग्रह काढले. 'रीमिक्स्ड'मध्ये २० खेळ आणि 'रीलोडेड'मध्ये १९. मुस्तफा दोन्हींत नाही. खेळ एका कॉमिकवर बेतलेला, तेव्हा हक्कांचं लोढणं आलंच. म्हणजे मुस्तफासाठी होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले, सोनीच्या परवान्याविना चालणारे प्रोग्रॅम) हा एकच रस्ता; तुलना करायची ती बाकीच्या खेळांची.

'कॅप्टन कमांडो' आणि 'फायनल फाइट' रीमिक्स्डमध्ये आहेत, 'नाइट्स ऑफ द राउंड' आणि 'स्ट्रीट फायटर २'च्या तीन आवृत्त्या रीलोडेडमध्ये. एवढ्यावर भागत असेल तर सरळ जुनी यूएमडी, म्हणजे पीएसपीची छोटी चकती, घ्या. काही जुळवायला लागत नाही, खेळ लगेच सुरू होतो. त्रास फक्त चकतीचा: ती फिरते, घरघरते, बॅटरी खाते. त्यावर उपाय आहे. कस्टम फर्मवेअर (सोनीच्या सिस्टिम सॉफ्टवेअरची हौशींनी बदललेली आवृत्ती) असेल तर सिलेक्ट दाबून येणाऱ्या मेनूत यूएसबी डिव्हाइस 'यूएमडी डिस्क' करा, केबल लावा, कॉम्प्युटरवर दिसणारी आयएसओ फाइल (चकतीची हुबेहूब नक्कल) उतरवून मेमरी स्टिकवरच्या 'आयएसओ' फोल्डरमध्ये टाका. विकत घेतलेला खेळ, पण चकतीशिवाय.

'केओएफ ९७'ची, म्हणजे 'द किंग ऑफ फायटर्स ९७'ची, गोष्ट वेगळी. एसएनकेच्या 'ओरोची सागा' संग्रहात ९४ ते ९८ पाचही आहेत, त्यामुळे ९७ अधिकृतपणे मिळतो. पण सामन्याआधीचं लोडिंग जीव खातं. तीन-तीन खेळाडूंच्या टीमचा खेळ, दर वेळी नवा गडी आला की थांबा. इथे इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, उजवा ठरतो: एनजेईएमयू या होमब्रू संचातला एमव्हीएसपीएसपी. तो निओजिओची, म्हणजे एसएनकेच्या आर्केड यंत्राची, नक्कल करतो; कॅपकॉमच्या सीपीएस १ आणि सीपीएस २ या आर्केड बोर्डांसाठी त्याच संचात वेगळे इम्युलेटर आहेत.

तो का उजवा, हे आकड्यांत आहे. ९७च्या नुसत्या चित्रांचे रॉम (खेळाच्या चिपांमधला डेटा) ४० एमबी, आणि पीएसपी १००० या पहिल्या मॉडेलची सगळी मेमरी ३२ एमबी. म्हणून रॉम आधी कॉम्प्युटरवर रॉमसीएनव्ही नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून काढायचा. तो चित्रांचे तुकडे करून कॅश तयार करतो आणि खेळताना इम्युलेटर लागेल तो तुकडा स्टिकवरून उचलतो. रॉमची झिप 'रोम्स'मध्ये, कॅश 'कॅश'मध्ये, आणि निओजिओची बायॉस (यंत्राचा स्वतःचा मूळ प्रोग्रॅम) झिप 'रोम्स'मध्येच, न उघडता. सीपीएस २च्या खेळांनाही हेच करावं लागतं. सीपीएस १ला, म्हणजे मुस्तफाला, कॅश लागत नाही. झिप टाकली की झालं.

अडतं ते बहुतेक वेळा रॉमच्या आवृत्तीपाशी. हा इम्युलेटर जुना आहे आणि त्या काळच्या रॉम-संचातली फाइलनावं शोधतो. नव्या संचात नावं बदललेली असली की 'फाइल सापडली नाही' म्हणून तो हात वर करतो. क्लोन (मूळ खेळाचा थोडा बदललेला अवतार) आवृत्ती असेल तर मूळ खेळाची झिपही शेजारी हवी. दुसरं दुखणं स्वस्त, नकली मेमरी स्टिक प्रो ड्युओ कार्डाचं: नवा गडी आला की आवाज अडखळतो, कारण तुकडा वेळेवर येत नाही. मायक्रोएसडीचं अडॅप्टर आणि बरं कार्ड वापरा, आणि फॉरमॅट पीएसपीतच करा. पीएसपी २००० किंवा ३००० असेल तर ६४ एमबी मेमरीसाठीची वेगळी आवृत्ती टाका, फरक जाणवतो. सीपीयू ३३३ मेगाहर्ट्‌झवर ठेवा.

स्क्रीनची सेटिंग लोक हमखास चुकवतात. सीपीएसचं चित्र ३८४ बाय २२४ पिक्सेलचं. ते जसंच्या तसं ठेवलं तर डावी-उजवीकडे ४८ आणि वर-खाली २४ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात, चित्र अगदी काटेकोर दिसतं, पण मुस्तफा सुमारे २९ टक्के रुंद होतो. मूळ मशीनच्या चार-बाय-तीन काचेत हेच चित्र दाबून बसवलेलं असायचं. पूर्ण उंचीवर त्याच प्रमाणात आणलं तर ३६३ बाय २७२ होतं. कडा मऊ करणारा फिल्टर बंद असेल तर स्क्रोल होताना कडा लुकलुकतात, तेव्हा तो चालू ठेवा. निओजिओचं चित्र ३२० बाय २२४, त्याला एकास एक ठेवलं तरी फारसं बिघडत नाही. निओजिओ सेकंदाला ५९.१८ चित्रं काढतं, पीएसपीची स्क्रीन ५९.९४, व्हीसिंक (चित्र स्क्रीनच्या तालावर चालवणारी सेटिंग) चालू केलं की खेळ सुमारे एक टक्का जलद पळतो. ते कुणाच्या लक्षातही येत नाही, फाटलेलं चित्र मात्र येतं. चालूच ठेवा.

इम्युलेटर मोफत आहे, रॉम मात्र कॅपकॉम आणि एसएनकेच्या मालकीचे. ते कुठून आणायचे हे इथे मिळणार नाही.

फर्मवेअर ६.६१वर प्रो नावाचं कस्टम फर्मवेअर टाकलं असेल तर ते ३०००वर आपोआप कायमचं बसत नाही. पॉवरचं बटण वर सरकवून सोडलं तर यंत्र फक्त झोपतं. धरून ठेवलं तर पूर्ण बंद होतं आणि पुढच्या वेळी इम्युलेटर उघडताना ८००२०१४८ ही चूक दिसते. काही बिघडलेलं नसतं, आधी फास्ट रिकव्हरी (प्रो पुन्हा चालू करणारा छोटा प्रोग्रॅम) चालवा.