तीन रेघांची कृतज्ञता डायरी: कागद बरा, आखणी चुकलेली

'कृतज्ञता डायरी' किंवा 'ग्रॅटिट्यूड जर्नल' या नावाने मिळणाऱ्या छापील वह्या बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. ए५ आकार, माथ्यावर तारीख, तिच्याखाली सुविचार, मग सकाळच्या तीन रेघा, रात्रीच्या तीन रेघा आणि कोपऱ्यात मूड नोंदवायला पाच चेहरे. हे परीक्षण त्या साच्याचं आहे, एखाद्या कंपनीचं नाही.

सगळ्यात मोठी खोट तीन रेघांतच आहे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हेही लिहिलं. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना अधिक फायदा झाला. छापील डायऱ्यांनी यातला 'तीन' हा आकडा तेवढा उचलला आणि 'का' गाळला. ए५ पान 148 मिलिमीटर रुंद. दोन्हीकडचा समास सोडला की हाताने लिहिलेले सात-आठ शब्द एका रेघेत मावतात. 'मित्राचा फोन आला' एवढं बसतं, तो का आला याला जागाच नाही. मग नोंदी आखडत जातात आणि दहाव्या दिवशी पानावर 'घर, तब्येत, मित्र' एवढंच उरतं. अकराव्या दिवशीही तेच. कंटाळा येतो तो लिहिण्याचा नव्हे, या यादीचा.

नोंद टिकाऊ करायची तर एकच गोष्ट घ्यावी आणि तिला चार-पाच रेघा द्याव्यात: काय घडलं, कधी, कोणामुळे, आणि त्या माणसाला त्यासाठी काय करावं लागलं. 'सहकारी चांगले आहेत' ही नोंद नव्हे, शेरा झाला. 'बैठकीत आकडा आठवेना, तेव्हा शेजारच्याने न मागता स्वतःचा कागद पुढे सरकवला' ही नोंद. सुविचाराने अडवलेली दोन-तीन सेंटिमीटर जागा म्हणजे नेमक्या याच कामाच्या तीन-चार रेघा. चेहऱ्यांचीही गरज नाही. लिहिताना स्वतःला गुण द्यायला लागलं की लक्ष घटनेवरून उडतं.

दुसरी खोट तारखांची. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या अभ्यासातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच, असं दहा आठवडे लिहिलं. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर सहा आठवड्यांत फायदा झाला तो आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोज लिहिणं वाया जातं असा याचा अर्थ नाही, कारण एमन्स-मॅकलो यांच्याच पुढच्या प्रयोगांत रोजच्या नोंदींचाही गुण आला. पण रोजचं काम लवकर उरकाउरकीवर येतं. पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर ठरलेल्या एका वारी, हा सोयीचा बेत. तारखा छापलेल्या वहीत तो बसत नाही. कोरी राहिलेली पानं चुकलेल्या हजेरीसारखी टोचत राहतात आणि चार दिवस सुटले की वही कपाटात जाते. म्हणून घ्यायचीच तर बिनतारखेची घ्यावी.

कागद-बांधणीबद्दल फार तक्रार नाही. बॉलपेन किंवा जेलपेनला 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो, शाईपेन वापरणाऱ्यांनी 100 च्या आसपासचा पाहावा, नाहीतर अक्षरं मागच्या पानावर उमटतात. रोज एक पान धरलं तर वर्षाचे 183 कागद, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर जाडी. एवढी जाड वही नुसत्या डिंकाने चिकटवलेली असेल तर सपाट उघडत नाही आणि पुठ्ठ्याजवळच्या ओळी वाकड्या जातात. शिवलेली बांधणी बघून घ्यावी.

मुखपृष्ठावरच्या '21 दिवसांत आयुष्य बदला' छापाच्या दाव्यांकडे मात्र दुर्लक्ष करावं. अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या 2021 च्या आढाव्यात नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर अशा सरावाचा परिणाम लहानच दिसला. औषध किंवा समुपदेशन चालू असेल तर त्याच्या जागी ही वही नको. आणि अन्याय करणाऱ्याचे आभार मानण्याची जबरदस्ती तर स्वतःवर कधीच नको. 'निदान त्याच्यापेक्षा तरी बरं' ही कृतज्ञता नव्हे, तुलना आहे.

काहीच सुचेना अशा दिवशी उलटीकडून जावं: आयुष्यात घडलेली एखादी चांगली गोष्ट घ्यावी आणि ती कुठे कुठे हुकू शकली असती ते लिहावं. या पद्धतीचा परिणाम 2008 च्या एका अभ्यासात तपासलेला आहे. छापील प्रश्नांत ती क्वचितच दिसते.

वहीऐवजी ॲप घेतलं तर जुन्या नोंदी चटकन शोधता येतात, एवढाच मोठा फायदा. आठवण करणारी घंटा वाजते, फोन हातात येतो आणि नोंदीआधी निरोप उघडले जातात. घेण्यापूर्वी नोंदी कुठे साठतात आणि बाहेर काढता येतात का, हे तपासावं.

नव्याने घेणाऱ्याला शंभर पानांची साधी, शिवलेली, आखीव वही पुरे. तीन रेघांवाली आधीच घरात असेल तर सकाळ-रात्र हे मथळे खोडावेत आणि सहाही रेघा एकाच गोष्टीला द्याव्यात.