हजार डॉलरची स्कॉलरशिप आणि ‘इन-स्टेट फी’: टेक्सासला निघालेल्यांनो, पैसे भरण्याआधी वाचा

हजार डॉलरच्या स्कॉलरशिपवर मुलाला टेक्सासच्या विद्यापीठात ‘इन-स्टेट फी’, म्हणजे तिथल्या रहिवाशांना लागणारी कमी फी, लावून देतो म्हणत एका कन्सल्टन्सीने आमच्याकडून पैसे घेतले. गेलेले पैसे आधी सांगतो. रजिस्ट्रेशनचे २५,०००, ‘स्कॉलरशिप प्रोसेसिंग’चे १,४५,००० आणि ‘रेसिडेन्सी फाइल’चे ६०,०००. एकूण २,३०,००० रुपये. त्यातले १,००० डॉलर, म्हणजे साधारण ८५,०००, ‘स्कॉलरशिप’ म्हणून आमचेच आम्हाला परत मिळाले, आणि त्याचं अभिनंदनाचं पत्रही आलं!

कन्सल्टन्सीवाले कसे बोलतात, हॉटेलच्या हॉलमधले सेमिनार कसे असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते उगाळत नाही. पण ज्यांना ‘एवढं शिकलेले लोक फसतात कसे’ असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. कन्सल्टन्सीने दाखवलेला नियम खोटा नव्हता. टेक्सास एज्युकेशन कोडचं कलम ५४.२१३ खरंच अस्तित्वात आहे. किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळालेला विद्यार्थी दुसऱ्या राज्यातला असो की दुसऱ्या देशातला, त्याला टेक्सासच्या रहिवाशाच्या दराने फी भरता येते. आम्ही कलम शोधून पाहिलं, ते सापडलं, म्हणून विश्वास बसला. कोणाचाही बसला असता.

लबाडी त्याच कलमाच्या पुढच्या ओळींत आहे, आणि त्या ओळी त्यांच्या पीपीटीवर नव्हत्या. स्कॉलरशिपसाठी टेक्सासच्या मुलांसकट इतरांशी स्पर्धा झालेली असावी लागते. ती देणारी समिती विद्यापीठाने अधिकृतपणे मान्य केलेली असावी लागते. आणि ही सवलत विद्यापीठाच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी ५ टक्क्यांपेक्षा जास्त जणांना देता येत नाही. म्हणजे बाहेरच्या कुठल्यातरी ‘फाउंडेशन’ने चेक फाडला म्हणून फी कमी होत नाही. तो चेक विद्यापीठाच्या खात्यात तिसऱ्याने भरलेली रक्कम म्हणून जमा होतो, बिलातून फक्त १,००० डॉलर वजा होतात आणि दर नॉन-रेसिडेंटचाच, म्हणजे राज्याबाहेरच्यांचा, राहतो. आमच्या मुलाचं ९ क्रेडिटचं पहिलं बिल १३,४६० डॉलरचं आलं. रेसिडेंट दराने ते ६,९१० झालं असतं. फरक ६,५५० डॉलर. चार सेमिस्टरचे २६,२०० डॉलर, म्हणजे २२ लाखांच्या वर. हाच ‘वाचणारा’ आकडा दाखवून त्यांनी दोन लाख तीस हजार काढून घेतले, आणि तोच आकडा धरून आम्ही कर्ज कमी काढलं.

कुठे खटकायला हवं होतं ते सांगतो, कारण अजून रात्री तेच आठवून डोकं फिरतं. स्कॉलरशिपचं पत्र ॲडमिट, म्हणजे प्रवेशाचं पत्र, यायच्या आधी आलं. लग्न ठरायच्या आधी बारशाचं आमंत्रण! विद्यापीठाची समिती ज्याला अजून प्रवेशच मिळालेला नाही त्याला स्पर्धेत जिंकवते कशी? ना निबंध मागितला, ना शिफारसपत्र, ना कुठला फॉर्म. पत्रावर विद्यापीठाचं नाव होतं, पण ‘अमुक विद्यापीठात शिकण्यासाठी’ एवढंच. खाली सही फाउंडेशनच्या संचालकाची. मग आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म, आला, त्यात ट्यूशनच्या रकान्यात नॉन-रेसिडेंटचा आकडा. विचारलं तर उत्तर तयार: “सर, तो डिफॉल्ट असतो, ऑगस्टमध्ये रिव्हाइज होतो.” खरी सवलत आधी मंजूर झालेली असेल तर ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलेलं असतं आणि आय-२०वरचा खर्चही त्यानुसार कमी दाखवता येतो, हे आम्हाला कोणी सांगितलं होतं? ते सांगण्यासाठीच तर यांना पैसे दिले होते!

‘रेसिडेन्सी फाइल’ तर आणखी घाण. ६०,००० रुपयांत टेक्सासचा पत्ता, लीजवर नाव, बँक खातं, लाइट बिल, ड्रायव्हिंग लायसन्स कसं काढायचं याची चेकलिस्ट, आणि “बारा महिने झाले की तुम्ही रेसिडेंट.” बारा महिन्यांची अट खरी आहे, पण ती ज्याला टेक्सासमध्ये कायमचं घर करता येतं त्याच्यासाठी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची व्याख्याच अशी आहे की मायदेशी घर आहे आणि ते सोडायचा इरादा नाही. व्हिसा इंटरव्ह्यूत परत येणार म्हणून सांगायचं आणि वर्षभराने रेसिडेन्सीच्या फॉर्मवर इथेच राहणार म्हणून सही करायची, हे दोन्ही एकाच माणसाला खरं बोलून जमत नाही. एफ-१वर पाच वर्षं बिलं भरली तरी काही होत नाही, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, गेलात तरी व्हिसा एफ-१च असतो. ‘एलएलसी (कंपनी) काढा’, ‘छोटं घर नावावर घ्या’ हे सल्लेही त्याच माळेचे. मालमत्ता, धंदा, नोकरी हे टेक्सासमध्ये वास्तव्याचे पुरावे मानले जातात, पण त्याआधी व्हिसा त्या लायकीचा हवा. एच-१बी, एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना आणि एच-४, एल-२ वरच्या त्यांच्या कुटुंबीयांना ते जमतं. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी आपला अनुभव भारतातल्या भाच्या-पुतण्यांना जसाच्या तसा सांगू नये, त्यांचा व्हिसा वेगळा आहे.

आणि खोटी माहिती देऊन रेसिडेंट दर मिळवलाच, तर मागच्या सेमिस्टरचा फरक नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत भरावा लागतो, आणि तो भरेपर्यंत डिग्री हातात पडत नाही. फॉर्मवर सही विद्यार्थ्याची असते, कन्सल्टन्सीची नाही. आमच्या मुलाने ती केली नाही, एवढं तरी वाचलं.

आता आपल्या यंत्रणेबद्दल. घराजवळच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, ऑफिस दुसऱ्या हद्दीत आहे, तिकडे जा. तिकडे सांगितलं, ॲग्रीमेंटवर तुमची सही आहे, हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा. सायबरवाल्यांचं म्हणणं, तुम्ही ऑफिसात बसून करार केलात, मग यात सायबर काय? बँक म्हणाली, एनईएफटी तुम्हीच केली. विद्यापीठाने दोन ओळींचं सभ्य ईमेल पाठवलं की आम्ही त्रयस्थ एजंटांबाबत काही करू शकत नाही. एका साहेबांनी तर विचारलं, “मुलगा पोचला ना अमेरिकेत? मग फसवणूक कसली?” यांना कोण समजावणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही हद्दीतल्या ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, तो झिरो एफआयआर. फसवून पैसे उकळणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये बसतं. हे आम्ही वाचून गेलो, तर “नेटवरून शिकून आलात का” असं ऐकावं लागलं. ठाण्याने नोंदवलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा आणि पोच जपा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. शिक्षणाला पाठवणाऱ्याला ती लागत नाही. फलक लावला की झाला काउन्सेलर.

त्यातल्या त्यात जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता बरा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ‘नॉन-रिफंडेबल’ छापलंय म्हणून घाबरू नका. त्यांनी व्हॉट्सॲपवर दिलेली आश्वासनं लगेच एक्स्पोर्ट करून ठेवा, ती ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ होऊ शकतात. आणि रोख एक रुपयाही देऊ नका. आम्ही २५,००० रोख दिले, त्याची पावती ‘सेमिनार फी’ म्हणून निघाली.

एफ-१वर असताना कमी फीचे खरे रस्ते विद्यापीठातूनच जातात. एक, विभागाची किंवा ग्रॅज्युएट स्कूलची स्पर्धात्मक स्कॉलरशिप. विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला सरळ ईमेल करून विचारा की या स्कॉलरशिपने रेसिडेंट दर लागू होतो का. सगळीकडे होत नाही, आणि ५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे मिळेलच असंही नाही. दोन, आपल्या विषयाशी संबंधित टीए किंवा आरए (शिकवण्यातल्या किंवा संशोधनातल्या सहाय्यकाचं काम), किमान अर्धवेळ, म्हणजे आठवड्याला २० तास. सेमिस्टर चालू असताना एफ-१ला कॅम्पसवर कामाची मर्यादाही २० तासांचीच आहे, त्यामुळे १० तासांच्या ग्रेडरच्या (पेपर तपासण्याच्या) कामावर भरवसा ठेवू नका. हे सगळं फक्त सरकारी विद्यापीठांत. राइस किंवा बेलरसारख्या खाजगी विद्यापीठांत इन-स्टेट दर नसतोच, कोणी त्यांच्यासाठी ‘इन-स्टेट पॅकेज’ विकत असेल तर तिथूनच उठा.

तारीख पाळा. फॉल आणि स्प्रिंग सेमिस्टरमध्ये वर्गाचा १२वा दिवस हा सेन्सस दिवस, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अधिकृत मोजणीचा दिवस. त्या सेमिस्टरचा दर बदलायचा तर कागद त्याआधी रजिस्ट्रारकडे हवेत. आम्हाला कन्सल्टन्सीने ‘दोन आठवडे थांबा, सिस्टीम अपडेट होईल’ सांगून नेमका तो दिवस घालवला.