‘इंडिया डेथ्स अँड बरिअल्स’: मुंबई इलाख्यातल्या दफनांचा शोध घेताना किती उपयोगी?

फॅमिलीसर्च या वंशावळी शोधण्याच्या वेबसाइटवरचा ‘इंडिया डेथ्स अँड बरिअल्स, १७१९-१९४८’ हा संग्रह फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. पुणे, खडकी, नगर किंवा कुलाब्याला पुरलेला इंग्रज वा अँग्लो-इंडियन पूर्वज शोधायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला, कारण हा नुसता इंडेक्स आहे, नोंदीचं पान त्यात दिसत नाही. नाव मिळालं नाही की लोक शोधच सोडून देतात, आणि तिथेच फसगत होते.

सरकारी पाद्री आपल्या चर्चच्या नोंदवहीची नक्कल ठरावीक मुदतीने वर पाठवत आणि ती लंडनला जाई. मुंबई इलाख्याच्या १७०९ ते १९४८ च्या नकला ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. सिंध आणि एडनच्याही बऱ्याच नोंदी त्यांतच सापडतात. म्हणजे मूळ वहीवरून नक्कल आणि नकलेवरून इंडेक्स. दोन्ही वेळा अक्षर लावताना चुका झालेल्या आहेत.

म्हणून पहिल्या फेरीत ठिकाण रिकामंच ठेवा. पुण्याची, ठाण्याची, नगरची स्पेलिंगं वेगवेगळी पडतात. वसईचं तर विशेष जपा: इंग्रजीत तिला ‘बसीन’ म्हणत, आणि त्याच नावाचं गाव ब्रह्मदेशातही होतं, त्यामुळे इलाखा पाहिल्याशिवाय नोंद आपली मानू नका. आडनावात जिथे शंका असेल तिथे * टाका, एकाच अक्षराची शंका असेल तर ?. ‘मॅक’ आणि ‘ओ’ने सुरू होणारी आडनावं त्या उपसर्गाशिवायही शोधून पाहा. साल मागेपुढे दोन वर्षं सैल सोडा, कारण उशिरा पोहोचलेली नक्कल पुढच्या खंडात बांधलेली असते. तान्ह्या मुलांची नोंद पुष्कळदा नावाशिवाय असते. तिथे आडनाव आणि बापाचं नाव एवढंच द्या. त्याच छावणीतली दुसरी एखादी नोंद हाती लागली तर तिचा फिल्म क्रमांक (ती नोंद ज्या मायक्रोफिल्मवर आहे तिचा) टिपून घ्या आणि तो टाकून आडनावाची वेगवेगळी रूपं तपासा. ही युक्ती फार कमी लोक वापरतात, पण अडलेला शोध तिनेच बऱ्याचदा सुटतो.

एवढं करूनही काही माणसं मिळत नाहीत. आयरिश शिपाई पुष्कळसे कॅथलिक होते, आणि कॅथलिक चर्चच्या नकला अपुऱ्या आहेत. कूच चालू असताना मेलेल्याला वाटेतच पुरत. पाद्री जवळ नसला तर नोंद मागाहून होई किंवा होतच नसे. समुद्रावर मेला असेल तर दफनाच्या वहीत शोधण्यात अर्थ नाही. अशा वेळी ब्रिटिश लायब्ररीतल्याच ‘एल/मिल/१२’ मधली मुंबई लष्कराची कागदपत्रं आणि ‘एल/एजी/३४’ मधली मृत्युपत्रं व मालमत्तेच्या याद्या पाहाव्यात. राणीच्या (म्हणजे कंपनीच्या नव्हे, थेट ब्रिटिश लष्कराच्या) पलटणीतला असेल तर त्याची हजेरीपत्रकं लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. बाकी नोंदी त्रोटक असल्या तरी मृत्युपत्रावरून बायकोचं नाव कळतं.

जोडीला फिबिसची (‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची) मोफत शोधसेवा जरूर वापरा. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं काम स्वयंसेवकांनी उभं केलेलं आहे, आणि दफनाच्या नोंदीसोबत खंड व पान क्रमांकही मिळतो. तो मिळाला की फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या वेबसाइटवर पैसे भरून पानाचं छायाचित्र मिळवावं. छायाचित्राशिवाय नोंद पक्की धरू नये: वय, हुद्दा, पलटण, मृत्यूची आणि दफनाची वेगवेगळी तारीख, पुढच्या काळातल्या पानांवर मृत्यूचं कारणही, हे सगळं त्यावर असतं. इंडेक्समध्ये यातलं बरंचसं गळलेलं असतं.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र या संग्रहावर फार भिस्त ठेवू नये. नकला मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या आहेत. मिशनच्या मंडळ्यांच्या वह्या त्या त्या चर्चमध्ये आणि वसईतल्या कॅथलिक घराण्यांच्या त्या त्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) शोधाव्या लागतात. धर्मगुरूंना लिहिताना ‘आमचे पणजोबा’ एवढंच लिहू नका. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव किंवा आळी, आणि पाच वर्षांपलीकडे न जाणारा काळ द्या. जुन्या वहीचं पान न् पान उलटायला कुणाकडे फुरसत नसते.